डागमावशीचं दुखणं, गल्लीची पोटदुखी

कपड्यावर काय सांडलंय हे घालणाऱ्याला आठवत नसतं, तेव्हाही डागमावशीला कळतं. आधी ती कापड उजेडात धरते, मग नाकाजवळ नेते, मग नखाने हलकेच खरवडते. "चहा. दुधाचा. साखर जास्त. आणि हात थरथरत होता." शेवटचं वाक्य ती मनात म्हणते. पहिली तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून, टाचणीने कपड्याला लावून, कपडा बाजूला ठेवते.

लाँड्री साधीच. पुढे काच आणि काउंटर, मध्ये दोन मोठी यंत्रं, एका अंगाला इस्त्रीचं लांब टेबल, आणि मागे खिडकीखाली मावशीचा कोपरा. तिथे बाटल्या, मऊ ब्रश, पांढऱ्या चिंध्या आणि एक झिजलेला चमचा. बावीस वर्षं ती याच कोपऱ्यात बसली आहे. गल्लीतल्या कुठल्या कॉलरीवरची लाली कुठल्या ओठांची, कुणाच्या उशीच्या अभ्र्याला रोज काजळ लागतं म्हणजे कोण रोज रडतं, आणि आजारी म्हणून रजा घेतलेल्या माणसाच्या पँटला समुद्राची वाळू कशी काय, हे सगळं तिच्या हातावरून गेलं. पण चिठ्ठीवर कापड आणि डाग, यापलीकडे अक्षर नाही. तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुठे ठेवली ते तिलाही ठाऊक नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना तसं म्हणायला बरं वाटायचं.

मावशीचं वय अठ्ठेचाळीस. नवरा नऊ वर्षांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेला. घर लाँड्रीच्या अगदी समोर. खाली थोरली जाऊ आणि दीर, वरच्या दोन खोल्यांत मावशी. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर चष्मेवाला. तोही एकटाच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, शर्टाच्या खिशाला चार पेनं लावणारा. गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना मावशी तिथे डोळ्यांचा नंबर तपासायला जात असे. दर रविवारी नंबर बदलणारे डोळे गल्लीने दुसरे पाहिले नाहीत. पण सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. चांगली गल्ली आहे. न पाहिल्यासारखं करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

तर अशा या मावशीला एके दिवशी आंघोळ करताना हाताला एक फोड लागला. कुठे, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या 'कुठे'वर उभी आहे. मांड्यांच्या मध्ये, आतल्या बाजूला, जिथलं नाव बायका डॉक्टरसमोरही 'तिकडे' असं घेतात. एकच फोड, गोल, मधे ओला, कडा टणक. शर्टाचं बटण शिवल्यासारखा. आणि दुखणं? अजिबात नाही. दाबला तरी नाही.

आता इथे मावशीने जी चूक केली ती तिच्याच धंद्यातलं माणूस करू जाणे. त्याच्या दोन आठवडे आधी तिच्या मांडीवर गंजाचे डाग काढायचं औषध सांडलं होतं. ते औषध म्हणजे महाबिलंदर. आज सांडतं आणि केव्हातरी आपल्या सवडीने कातडी खातं. तिच्या बोटांवर त्याच्या तीन जुन्या खुणा होत्या. मावशीने तर्क केला: औषध कापडातून झिरपलं, तिकडे पोहोचलं, भाजलं. बोटावरची जखम भरते तशी तीही भरेल. घरातलं मलम लावलं आणि कामाला गेली. तीन आठवड्यांत फोड दिसेनासा झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मावशी खूश. मलमाची डबी तिने जपून ठेवून दिली, गुणकारी म्हणून.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. एका सकाळी इस्त्रीवाल्याने चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं आणि तो थबकला.

"मावशी, तळहाताला काय झालं?"

मसुरीच्या दाण्याएवढे, तांबूस-तपकिरी चट्टे. दोन्ही तळहातांवर. खाजत नव्हते, दुखत नव्हते, नुसते ठाण मांडून बसले होते.

"नवा साबण," इस्त्रीवाल्याने निकाल दिला. "मी पहिल्या दिवशीच म्हणालो, वास बरा नाही त्याचा."

मालकाने साबण बदलला. मावशीला कोपरापर्यंतचे लाल हातमोजे आणून दिले. आठ दिवस झाले, साबण बदलला, मोजे आले, चट्टे जागचे हलले नाहीत. वर अंगात कसकस, घसा धरलेला, विंचरताना केसांचे पुंजके. मावशी म्हणाली, वय झालं. इस्त्रीवाला म्हणाला, हवा बदलली. हवेला काय, ती बिचारी कुठलाही आरोप अंगावर घेते.

मग एका सुटीच्या सकाळी खिडकीत बसून पायाची नखं काढताना मावशीने पाऊल उलटं केलं, आणि नेलकटर हातातच राहिला. तळपायावर तेच चट्टे. दोन्ही पायांवर.

ती कितीतरी वेळ हातांकडे बघत होती आणि पायांकडे बघत होती. हात साबणात बुडतात, कबूल. पण पाय कधी बुडाले? बावीस वर्षांत तिने पायाने एक रुमालसुद्धा धुतला नव्हता.

डाग ओळखणाऱ्या माणसाचं डोकं एकदा लागलं की थांबत नाही. पांढऱ्या शर्टावर सरबत सांडलं की गिऱ्हाईक तो वाळवतं. वाळला की डाग दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं गेला, आणि घडी घालून ठेवून देतं. महिन्या-दोन महिन्यांनी गरम इस्त्री फिरली की तिथेच पिवळाजर्द डाग वर येतो, आणि गिऱ्हाईक लाँड्रीवाल्याशी भांडायला येतं. अशा किती जणांना मावशीने समजावलं होतं, की बाबा, तो गेलाच नव्हता, आत बसला होता. आणि आपला फोड? आपणच घडी घालून ठेवून दिली की काय?

तेवढ्यात थोरली जाऊ गच्चीवर कपडे वाळत घालायला म्हणून वर आली.

"काय गं धाकटे, तळपायावर भविष्य वाचतेस काय?"

"भविष्य नाही जाऊबाई. मागचं काहीतरी लिहिलेलं दिसतंय."

मावशीने फोडाचं सांगितलं. 'तिकडे' हा शब्द ऐकताच जाऊबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. मग एक हात काढला, कारण पुढचं ऐकू येत नव्हतं.

"गरमी!" जाऊबाई कुजबुजल्या. "जुनी माणसं गरमी म्हणायची याला. अगं, म्हणजे तो चष्मेवाला... मला काही माहीत नाही हं."

"तुम्हाला सगळं माहीत आहे. माहीत नसल्याचं दोन वर्षं छान केलंत, आता राहू द्या."

जाऊबाईंनी जिन्याचं दार लावून घेतलं. "ऐक माझं. माझ्या माहेरच्या गावाला एक दवाखाना आहे. तिथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही. नाव दुसरं सांगायचं, औषध घ्यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मावशीने आपली मूठ त्यांच्या नाकासमोर धरली आणि उघडली. "ही बघा. आत चट्टे आहेत. सव्वा लाख कुठे दिसतात का?"

"घराण्याच्या नावाचा तरी विचार कर!"

"घराण्याच्या हातापायाला काही झालेलं नाही. माझ्या झालंय."

मंगळवारी सकाळी मावशी सरकारी दवाखान्यात गेली, गल्लीतल्या सगळ्यांनाच जवळ पडणाऱ्या. रांग लांबलचक. खिडकीवाला काचेच्या भोकातून प्रत्येकाला वरच्या पट्टीत विचारत होता, "कशासाठी?" आणि माणसं खालच्या पट्टीत पुटपुटत होती. मावशीचा नंबर आला.

"कशासाठी?"

"खाली फोड आला होता," मावशी त्याच्याच पट्टीत म्हणाली. "आता अंगावर चट्टे आलेत. संबंधातून होणाऱ्या सगळ्या आजारांची तपासणी करायचीय."

मागच्या माणसाने पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

"अहो बाई, हळू!" खिडकीवाला कासावीस झाला.

"तुम्ही ओरडून विचारलंत, मी ओरडून सांगितलं. काच जाड आहे हो."

"नाव... दुसरं काही लिहायचं असेल तर लिहितो. बरेच जण सांगतात."

"आईबापांनी ठेवलंय तेच लिहा."

"नवऱ्याचं?"

"तो वारला. त्याला कशाला रांगेत उभा करता?"

आत डॉक्टरीणबाई होत्या. वयाने मावशीच्या भाचीएवढ्या, नाक सर्दीने लाल झालेलं. मावशीला वाटलं होतं, ही पोर आता लाजेल. पोर लाजली नाही. फोड कधी आला, एकच होता की घोळका होता, दुखला का, संबंध कुणाशी, शेवटचा कधी, एकच माणूस की जास्त, असं सगळं तिने भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. मावशीनेही तसंच सांगितलं. मग पडदा ओढून तपासणी झाली. हात, पाय, तोंडाच्या आत, आणि 'तिकडे'सुद्धा.

"एकच फोड, न दुखणारा, कडा टणक, आपोआप गेला," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "काही लावलं होतं?"

"मलम. त्यानेच बरा झाला."

"मलम नसतं लावलं तरी तेवढ्याच दिवसांत गेला असता. हा आजारच तसा लबाड आहे. सिफिलिस म्हणतात. पहिला फोड दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. फोड जातो, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि आजार रक्तात शिरतो. मग असे चट्टे येतात. हेही आपोआप जातील. आणि काही वर्षांनी डोळे, काळीज, मेंदू, कुठे काय करील सांगता येत नाही."

"आणि दुखणारे फोड असतात ते?"

"ते बहुतेक वेळा वेगळं प्रकरण. बारीक पाण्याचे फोड, घोळक्याने, झोंबणारे, पुन्हा पुन्हा येणारे. हर्पीस. तो मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. शिवाय कधी नुसती चीर असते, कधी वस्तऱ्याची जखम असते. नुसतं बघून आम्हीही फसतो. म्हणून रक्त तपासायचं."

हे मावशीला एकदम पटलं. नुसत्या डोळ्यावर ती स्वतःही कधी विश्वास ठेवत नसे. कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघितल्याशिवाय तिने कुठल्या डागाला हात लावला नव्हता. पोर कामाची आहे, असं तिने मनात लिहून टाकलं.

"पुढच्या वेळी असं काही दिसलं..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पुढची वेळ?"

"तुम्हाला नाही तर कुणाला तरी सांगायला म्हणून ऐका. मलम नाही, पावडर नाही, घरचं काही नाही. जसं आहे तसं घेऊन पहिल्या दिवशी यायचं. ओल्या फोडावरचं पाणी घेऊनही तपासता येतं. आणि फोड असेपर्यंत कुणाच्या जवळ जायचं नाही."

रक्त घेतलं. त्यातूनच एचआयव्ही आणि काविळीची तपासणी, आणि आतून कापसाच्या काडीने आणखी दोन आजारांसाठी नमुना. चार दिवसांनी कागद आले. सिफिलिस होता, बाकी काही नव्हतं. एचआयव्हीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा, कारण तो रक्तात दिसायला कधी कधी वेळ लावतो. सिफिलिसचंही रक्त तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी, कागदावरचा आकडा उतरतोय की नाही ते बघायला.

"खरं नाव दिलंत ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोट्या नावाची माणसं दुसऱ्यांदा येतात तेव्हा कुठलं नाव सांगितलं होतं तेच विसरलेली असतात. मग मी आकडा कशाशी ताडून बघू?"

पेनिसिलीनचं कधी वावडं होतं का ते विचारून नर्सने इंजेक्शन दिलं. अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. मावशीने दात आवळले. सुई कसली, दाभण होतं ते. "आज ताप येईल, अंग मोडून येईल, घाबरू नका, उद्या उतरेल," नर्स म्हणाली. तसंच झालं.

निघताना मावशीने एकच प्रश्न विचारला. "गल्लीचे कपडे माझ्या हातातून जातात. कपड्यातून लागतो का हा?"

"नाही. कपडे, भांडी, पाणी, संडास, कशातूनच नाही. फोडाला अंग लागलं तरच. आणि पोटुशी बाई असेल तर बाळाला. आता तर तुम्ही औषधही घेतलंत." डॉक्टरीणबाईंनी तसं कागदावर लिहूनही दिलं. "आणि तुमच्या त्या माणसाला पाठवा. तो बरा झाला नाही तर तुम्ही पुन्हा इथेच."

तो माणूस दुकानात भिंगं पुसत होता.

"मला काही झालेलं नाही," सगळं ऐकून चष्मेवाला म्हणाला. "असतं तर मला दिसलं नसतं का?"

"तुम्हाला जवळचं दिसत नाही, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

चष्मेवाल्याने भिंग पुसणं थांबवलं नाही. पुसून पुसून ते नाहीसं होईल असं वाटायला लागलं, तेव्हा म्हणाला, "फ्रेमा आणायला गेलो होतो ना, तेव्हा. एकदाच गं. एकटा होतो..."

"मीपण एकटीच होते," मावशी म्हणाली. "इथे. समोरच्या घरात." आणि मग इतक्या दिवसांचं 'तुम्ही' तिने काउंटरवर ठेवून दिलं. "नीट ऐक. मंगळवारी नऊ वाजता, चार नंबरची खिडकी. रक्त दे, सुई घे. तुझ्यावर रागवायचंय मला, सावकाशीने, पुष्कळ दिवस. त्याला माणूस धडधाकट हवा."

चष्मेवाला गेला. त्याचंही रक्त तेच बोललं. परतताना तो असा काही फेंगडा चालत होता की गल्लीने विचारलं, "काय, पडलात की काय?" मावशीच्या डोळ्यांचा नंबर मात्र त्या रविवारपासून एकदम स्थिर झाला. तो कधी बदलेल, की बदलणारच नाही, हे तिने त्याला सांगितलं नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण तो उलटा पेपरवाला होता ना, तो निघाला इस्त्रीवाल्याचा साडू. पंधरा दिवसांत बातमी गल्लीभर झाली. तो स्वतः त्या रांगेत कशाला उभा होता, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

पहिली तक्रार मोठ्या बाईंची. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्या चालतात तिथे प्रार्थनेची रांग लागल्यासारखी वाटते. त्यांनी मालकाला बजावलं, "माझे कपडे त्या हातांत जाता कामा नयेत." मग वकीलसाहेबांनी तेच कायद्याच्या भाषेत सांगितलं, आणि गाण्याच्या बाईंनी तेच सुरात.

मालक मावशीच्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. "मावशी, थोडे दिवस घरी बसा."

"किती?"

"लोक विसरेपर्यंत."

"लोक विसरत नाहीत हो मालक. बावीस वर्षं मीच त्यांच्या वतीने विसरत आलेय." मावशीने डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे केला. मालकाने तो कोपऱ्याला चिमटीत धरून वाचला.

"मला पटतंय. पण गिऱ्हाइकाला कसं पटवू? त्या कोपऱ्यात दुसरं माणूस बसवावं लागेल."

या कोपऱ्याशिवाय मावशीकडे दुसरा धंदा नव्हता, आणि दुसरी विद्याही नव्हती. हात पुसले, झिजलेला चमचा पदरचा म्हणून पिशवीत टाकला आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.

घरी येऊन ती रडली का? रडली. जिन्याचं दार लावून, अर्धा तास. तेवढं तिला लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर लाँड्री उघडायच्या वेळेला मावशीने घडीची खुर्ची उचलली, खाली आणली, आपल्या दारात मांडली आणि बसली. समोर लाँड्रीची काच. हातात विणकाम नाही, पोथी नाही, काही नाही. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला आदराने नमस्कार.

"नमस्कार वकीलसाहेब! करडा कोट बरा आहे ना? अस्तराचं म्हणतेय मी."

वकीलसाहेबांच्या बरोबर वकीलीणबाई होत्या. "अस्तराला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही! काही झालं नव्हतं!" साहेब इतक्या जोरात म्हणाले की दोन कबुतरं उडाली.

"नमस्कार गाण्याच्या बाई. ती जांभळी चादर आली नाही पुन्हा?"

गाण्याच्या बाईंचा सूर जो बसला तो दुपारपर्यंत लागला नाही.

मावशी एक शब्द जास्त बोलत नव्हती. कुणाचं काही सांगत नव्हती. कपड्याची विचारपूस, बस. पण चोराच्या मनात चांदणं. ती नुसती "नमस्कार" म्हणाली तरी माणसं आपल्या कॉलरी चाचपायला लागली.

थोरल्या जाऊबाई खिडकीतून फिस्कारल्या, "काय मांडलंयस हे दारात?"

"घरी बसा म्हणाले. बसलेय."

"आत बस!"

"आत अंधार आहे जाऊबाई. आणि माझं झाकायचं होतं ते सगळं उघडं झालंय, आता ऊन तरी खाते."

जाऊबाई खिडकीतून नाहीशा झाल्या. थोड्या वेळाने खाली आल्या, हातात चहाचे दोन कप. एक मावशीच्या हातात दिला, दुसरा घेऊन उंबऱ्यावर टेकल्या. तोंड वाकडंच होतं, पण टेकल्या. "तो वकील परत येतोय," त्या हळूच म्हणाल्या. "अस्तराला काय होतं गं?"

"मला आठवत नाही."

"मेली, मलासुद्धा सांगत नाहीस!"

"तुमच्या निळ्या ब्लँकेटचंसुद्धा कुणाला सांगितलं नाही."

जाऊबाईंना ठसका लागला.

इकडे लाँड्रीत डागांचं काम इस्त्रीवाल्याकडे आलं होतं. त्याने पहिल्या दिवशी एका टेबलक्लॉथवरचा लाल डाग निळा केला. दुसऱ्या दिवशी एका रेशमी रुमालावरचा डाग काढला, पण डागाबरोबर तिथलं रेशीमही गेलं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब लाँड्रीत शिरले आणि मालकाला बाजूला घेऊन म्हणाले, "आजारी बाईला कामावरून काढणं माणुसकीला धरून नाही. मी आपलं सहज म्हणतोय." ते बोलत असतानाच गाण्याच्या बाई आल्या, त्याही सहजच. एकमेकांना बघून दोघे इतके लाजले की जणू एकाच खिडकीच्या रांगेत भेटले. दुपारपर्यंत सहा जण माणुसकीने भरून आले होते. गल्लीत एवढी माणुसकी शिल्लक आहे हे मालकाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मालक रस्ता ओलांडून खुर्चीपाशी आला. "मावशी, उद्यापासून या."

"येते."

"मागच्या दाराने आलात तर बरं. आणि हातमोजे घालून बसा, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. काउंटरवर मात्र येऊ नका."

मावशी उठून उभी राहिली. मालकापेक्षा ती वीतभर ठेंगणी आहे, पण त्या संध्याकाळी कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

"मोजे मी गंजाच्या औषधासाठी घालते, लाजेसाठी नाही घालणार. दार पुढचंच. आणि उद्या पहिला तास मी काउंटरवर उभी राहणार; ज्याला माझ्या हातात कपडा द्यायचा नाही त्याने मला सांगावं, तुम्हाला नाही. जमत असेल तर येते. नाहीतर ऊन छान आहे इथे."

मालकाने समोरच्या काचेकडे बघितलं. आत इस्त्रीवाला कुणाच्या तरी पांढऱ्या कोटावर बाटली उलटी करत होता.

"जमतं, जमतं!" म्हणत मालक पळाला.

दुसऱ्या दिवशी मावशी पुढच्या दाराने आत गेली आणि काउंटरमागे उभी राहिली. दोन्ही तळहात काउंटरवर, उघडे. चट्टे फिके व्हायला लागले होते, पण दिसत होते. त्या दिवशी गल्लीत बऱ्याच जणांना लाँड्रीत काम निघालं. काचेबाहेरही तीन-चार जण बुटांच्या नाड्या बांधत होते. जाऊबाई आपल्या खिडकीत होत्या. कोपऱ्यावर चष्मेवाला दुकानाची पाटी पुसत होता, जिच्यावर धूळ नव्हती.

पहिल्या आल्या मोठ्या बाई. हातात पांढरा ब्लाउज, घडी घातलेला. मावशी काउंटरवर आहे हे त्यांना आत आल्यावर दिसलं. परत फिरावं तर मागे लोक. त्या तशाच उभ्या राहिल्या.

मावशीने हात पुढे केला. "देता की परत नेता?"

मोठ्या बाईंनी त्या तळहाताकडे बघितलं. मग मावशीच्या तोंडाकडे बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी शंभर पोरींना 'हात पुढे कर' म्हणून दरडावलं असेल. त्यांच्यापुढे असा हात कुणी केला नव्हता.

"कपड्यातून लागत नाही म्हणतात," त्या शेवटी म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. "वाचलं मी. डॉक्टरांचा कागद मालकांनी काचेला चिकटवलाय."

"मीच चिकटवला. सकाळी."

मोठ्या बाईंनी ब्लाउज त्या हातावर ठेवला. ठेवताना त्यांची बोटं मावशीच्या तळहाताला लागली, आणि त्यांनी ती झटकली नाहीत.

मावशीने ब्लाउज उलगडला, उजेडात धरला, नाकाजवळ नेला.

"कॉफी आहे," मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या.

मावशीने पुन्हा एकदा वास घेतला. नखाने हलकेच खरवडलं. वर बघितलं. सगळी लाँड्री कान टवकारून उभी होती.

"कॉफीच," मावशी म्हणाली. "परवा न्या."